एकाच नावाचे दोन डबे

सावेडीतली आमची एक जुनी विद्यार्थिनी परवा घरी आली आणि बसल्या बसल्या रडू लागली. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स केलेली ही मुलगी घरी बसून ऑटोकॅडवर घरांचे नकाशे काढते. त्या कमाईतून धाकट्या भावाची फी निघते.

"सर, माझ्या नकाशामुळे एका घरात न्हाणीघराची चौकट लहान बसली. त्यांच्या दादीजान व्हीलचेअरवर असतात. खुर्ची आत जात नाही, वुजूचं पाणी बाहेर आणून द्यावं लागतं."

चूक कशी झाली, ते आम्ही तिच्याबरोबर बसून शोधले. घरात संगणकावर काम शिकणारी मुले-मुली असलेल्या प्रत्येक पालकाने ती समजून घ्यावी, म्हणून इथे लिहीत आहोत.

नकाशात दार, खिडकी, वॉशबेसिन पुन्हा पुन्हा लागते. प्रत्येक वेळी नव्याने काढण्याऐवजी ते एकदाच काढून त्याला नाव देतात. त्याला ब्लॉक म्हणतात. मग हवे तिथे तो ठेवायचा. मूळ ब्लॉक बदलला की सगळीकडची दारे बदलतात. ही कल्पना जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी केलेल्या 'स्केचपॅड'मध्ये ती होती. ऑटोकॅड आले १९८२ मध्ये.

आमच्या मुलीने वेळ वाचवायला जुन्या घराची फाइल उघडून त्यातली दारे पुसली आणि नवा नकाशा सुरू केला. पडद्यावरून दारे गेली, पण 'डी-२' या ब्लॉकची अडीच फुटी व्याख्या फाइलच्या पोटात तशीच राहिली. पुढे इंजिनीअरसाहेबांच्या फाइलमधून तीन फुटी दार तिने आणून चिकटवले. त्याचेही नाव 'डी-२'! अशा वेळी ऑटोकॅड आधीची व्याख्या ठेवते आणि नवी सोडून देते. तसा बारीक संदेश खालच्या ओळीत येतो, घाईत तो कोण वाचतो? सुताराची यादी त्याच नकाशावरून मोजून गेली.

स्वयंपाकघरात हळदीचा रिकामा वाटणारा डबा फळीमागे राहावा, नवी हळद आणल्यावर तोच डबा हाती यावा, तसेच हे.

उपाय अवघड नाहीत. आधी फाइलची प्रत काढून ठेवावी. मग पर्ज ही आज्ञा द्यावी. न वापरलेले ब्लॉक, लेअर, रेषांचे प्रकार ती काढून टाकते. एका ब्लॉकच्या पोटात दुसरा ब्लॉक असतो, म्हणून आतल्यांसाठीची खूणही करावी. वापरात असलेली वस्तू पर्जने जात नाही, त्यामुळे भीती नको. फाइल बिघडल्याची शंका असेल तर ऑडिट चालवावे. नाव 'डी-२' असे मोघम नको, 'दार-९००-न्हाणी' असे मापासकट हवे. ब्लॉक शक्यतो शून्य लेअरवर काढावा, म्हणजे तो ज्या लेअरवर ठेवू त्याचा रंग घेतो. आपले तपासलेले ब्लॉक एकाच फाइलमध्ये जपावेत. आणि ब्लॉक फोडून सुट्या रेषा करण्याची सवय लावू नये. एकदा फोडला की मूळ दुरुस्त करूनही तो सुधारत नाही.

आपल्या नगरची दमडी मशीद निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. तिथल्या दगडातली नक्षी पाहताना आम्हाला नेहमी वाटते, कारागिराने तोच आकार पुन्हा कोरला, तरी प्रत्येक दगडाला हात लावला. एखादी चूक झाली तर ती एका दगडात राहिली. संगणकात एक चूक वीस दारांत जाते. नागापूरच्या एमआयडीसीत एखाद्या नटबोल्टच्या ब्लॉकचे माप चुकले, तर तिथेही हेच होईल.

मुलगी त्या घरी स्वतः गेली, चूक कबूल केली. नवी चौकट बसवण्याचा खर्च ती तीन हप्त्यांत देणार आहे. दादीजान म्हणाल्या, "बेटी, तू आलीस, हेच पुष्कळ." इंजिनीअरसाहेबांनी पुढचे कामही तिलाच दिले.

दुसऱ्याच्या घराचा नकाशा ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती परत करण्याआधी डबे एकदा उघडून पाहावेत.