भिंतीपलीकडचा शेजारी

कोडोलीसारख्या मोठ्या गावात घराला लागूनच गिरणी किंवा वेल्डिंगचे दुकान निघते. जागा घरची, भाडे वाचते, पोटापाण्याची सोय होते. रात्री कटर सुरू झाला की मात्र शेजारचे मूल दचकून उठते. मग अर्ज ग्रामपंचायतीत जातो आणि दोन घरांतले ईदचे येणेजाणे थांबते.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. पण फिक्हलाही हा तंटा नवा नाही. 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या उस्मानी ‘मजल्ला’ या कायदासंहितेत घराशेजारच्या लोहाराच्या भट्टीचे उदाहरणच आहे. घावांनी शेजाऱ्याची इमारत खिळखिळी होत असेल, तर ते थांबवलेच पाहिजे. नुसता वारा अडला किंवा समोरचे दृश्य झाकले, ही तक्रार मात्र तिथे चालत नाही. हा फरक आम्हांला मोलाचा वाटतो. शेजाऱ्याची बरकत खुपते म्हणून केलेले अर्जही असतातच की!

आधी दारात जाऊन बोलावे. मगरिबनंतर कटर बंद, यंत्राखाली जाड रबर, एवढे लिहून दोघांनी सह्या केल्या तर धंदाही चालतो, झोपही लागते. तरीही ऐकले नाही, तर अर्ज करावा. त्यात तारीख, वेळ आणि झालेला त्रास नेमका लिहावा.