पेशंटला प्रेक्षक करू नका

गेल्या वर्षी बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हाची गोष्ट. (कुठल्या ते जाऊ दे.) एका संध्याकाळी खाली लॉबीत भरतनाट्यमचा कार्यक्रम होता. ज्यांना व्हीलचेअरवर बसवता येत होतं त्या सगळ्यांना खाली आणलं. येता का, असं कुणी विचारलं नाही. मुली छान नाचल्या, खोटं कशाला बोलू? पण स्पीकर एवढा मोठा की शेजारच्या आजींनी कानांवर हात ठेवले. मग फोटो, पुष्पगुच्छ आणि सगळे परत आपापल्या कॉटवर. बाबा एवढंच म्हणाले, "मला खाली नेलं कशाला?"

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. नृत्य हॉस्पिटलमध्ये न्यावं का? जरूर न्यावं. पण बघायला नाही, करायला!

बाबांना पार्किन्सन्स आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. पायात ताकद असते, पण पाऊल सुरूच होत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत, सिस्टिम हँग :-) अशा वेळी कुणी टाळी वाजवून ताल दिला किंवा मोठ्याने आकडे मोजले, की पुष्कळदा पाऊल उचललं जातं. हा शोध माझा नाही. न्यूयॉर्कच्या मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ साली ब्रुकलिनमध्ये पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. आपल्याकडे पुण्यात हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले. याने आजार बरा होत नाही, पण माणूस हलता राहतो.

आणि आपल्या शास्त्रीय नृत्यात तर सगळं तयारच आहे. कथकच्या तत्कारात बोल तोंडाने म्हणायचे आणि तेच पायाने काढायचे. भरतनाट्यमच्या मुद्रा कॉटवर बसूनही जमतात. पताकाला बोटं ताठ लागतात, मुकुलला पाचही टोकं एकत्र. शिवाय अभिनय! पार्किन्सन्समध्ये चेहरा हळूहळू निर्विकार होत जातो. अशा माणसाला कुणी "आता जरा राग दाखवा बघू" म्हणालं तर?

आता तुम्ही म्हणाल, नुसतं बघण्यातही आनंद असतोच की. असतो ना. पण गोळ्यांपासून आंघोळीपर्यंत जो दुसऱ्याच्या वेळापत्रकावर जगतोय, त्याला निदान इथे तरी 'नको' म्हणता आलं पाहिजे.

कात्रपहून बाबांना दर आठवड्याला पुण्याला नेणं आम्हाला शक्य नाही. त्यांना लोकलमध्ये चढवणं हेच एक दिव्य. म्हणून वाटतं, हे जवळच्या छोट्या हॉस्पिटलांत व्हावं. डॉक्टरांना विचारून चार-पाच पेशंट, खुर्च्या, धरायला बाजूला एक माणूस आणि नाच शिकवणारी एखादी ताई. स्टेज नको, स्पीकर नको. आठवड्याला अर्धा तास पुरे.

तोवर घरी मीच टाळ्या वाजवतो. परवा बाबा उंबरठ्यापाशी अडले. मी सुरू झालो, "ता थेई थेई तत..." पाऊल उचललं आणि पलीकडे जाऊन म्हणाले, "तुझा ताल चुकतोय."

खरंच चुकतो हो. म्हणूनच म्हणतो, तालात पक्कं असलेलं कुणीतरी हवंय.