आरएक्स हंड्रेडची रास्त किंमत

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाशी करार करून काढलेली ही ९८ सीसीची, ११ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक गाडी. वजन जेमतेम शंभर किलोच्या घरातले, त्यामुळे सिग्नल सुटला की ती मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकायची. आज तिच्यासाठी सांगितले जाणारे आकडे एकमेकांपासून इतके लांब असतात की त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. तेवढ्याला गाडी गेली असती तर जाहिरात उतरली असती. रास्त किंमत उलट्या बाजूने काढावी लागते. कागद चोख आणि इंजिन धड असलेली गाडी त्या भागात प्रत्यक्ष कितीला गेली, हे दोन-तीन गॅरेजवाल्यांकडून काढायचे आणि समोरची गाडी त्या स्थितीला आणण्याचा खर्च त्यातून वजा करायचा. या वजाबाकीत गफलत होते, कारण घेणारा इंजिनाच्या खडखडाटाला घाबरतो आणि चकचकीत रंगाला भुलतो. इंजिन दुरुस्त होते. कागदांचे आणि मूळ सुट्या भागांचे तसे नाही.

म्हणून पाहणी आरसी बुकापासून सुरू होते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. शेवटी बनलेल्या आरएक्स १०० चीही पंधरा वर्षे कधीच उलटली आहेत, तेव्हा पासिंग कधीपर्यंतचे आहे हा प्रश्न प्रत्येक गाडीला विचारावाच लागतो. नूतनीकरण चुकले असेल तर शुल्क, विलंबाचा भुर्दंड आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर असा आकडा वाढत जातो. तो आरटीओत विचारून घ्यावा आणि पूर्ण कापावा. ‘थोडेफार भरावे लागेल’ या विकणाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नये.

जुन्या पुस्तकी आरसीची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढलेली आहे का, हेही पाहावे. नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागते. तोवर नाव बदलणे अडते आणि आता सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेटही अडते. आरसीवर बोजा असू शकतो. नव्वदच्या दशकात एखाद्या पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली गाडी, कर्ज केव्हाच फिटलेले, पण नोंद तशीच आणि पतसंस्था मात्र बंद पडलेली, असा गुंता सोडवायला पैशापेक्षा चपला जास्त झिजतात. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आणि फॉर्म ३१ लागतो. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात हवी. ‘कागद नाहीत, पण गाडी एक नंबर आहे’ असे ऐकू आले तर ती गाडी नसून सुट्या भागांचा ढीग आहे, आणि किंमत त्या ढिगाचीच द्यायची. ‘आरटीओत आपला माणूस आहे’ या वाक्याची किंमत शून्य.

पुढचा प्रश्न, ही खरोखर आरएक्स १०० आहे का? १९९६ च्या सुमारास आरएक्सजी आणि पाठोपाठ आरएक्स १३५ आली. दोन्ही १३२ सीसीच्या, दिसायला सख्ख्या बहिणी. साइड कव्हर आणि स्टिकर बदलले की वरवर फरक कळत नाही. आरसीवर मात्र सीसी आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेले असते. हँडलखालच्या मानेवरचा चासी नंबर कागद ठेवून पेन्सिलने उतरवून घ्यावा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तर तिथूनच परत फिरावे. इंजिन नंबर जुळत नसेल आणि बदलाची नोंद नसेल, तर भाव मोठ्या फरकाने खाली यायला हवा. नंबरप्लेटही बोलते. १९८९ च्या आधी महाराष्ट्रात एमएच मालिका नव्हती, तीन अक्षरी मालिका होत्या. १९८७ ची म्हणून दाखवलेल्या गाडीला एमएच-१२ नंबर असेल तर ती परराज्यातून आलेली असू शकते. त्यात गैर काही नाही, खुलासा मात्र हवा. ‘व्हिंटेज’ म्हणून चढवलेला भाव सरळ नाकारावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आणि पहिली आरएक्स १०० सुद्धा २०३५ च्या आधी त्यात बसत नाही.

इंजिन थंड असतानाच पाहावे. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत काहीतरी झाकलेले असते. किक हलकी पडत असेल तर ब्लॉक-पिस्टन झिजले. बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो, पाव मिलिमीटरच्या टप्प्याने साधारण चार वेळा. त्यानंतर नवी स्लीव्ह. म्हणून ब्लॉक कितव्या बोअरवर आहे हे विचारणे महत्त्वाचे. सुरू केल्यावर थोडा निळसर धूर टू-स्ट्रोकला शोभतो. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर क्लचकडचे सील गेले आणि गिअर ऑइल जळते आहे. मॅग्नेटोकडचे सील गेले की हवा ओढली जाते आणि रेस आपोआप वाढून वरच अडकते. सील स्वस्त, पण ती बदलायला इंजिन पूर्ण खोलावे लागते. मग क्रँकही त्याच खर्चात धरावा. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळणारे खूप. तसे चालते, पण पंप नाही म्हणून पैसे कमी. मीटरवरच्या किलोमीटरकडे बघूही नये.

मूळ सायलेन्सर, न ठोकलेली टाकी, क्रोमचे मडगार्ड, मूळ मीटर यांना खरी किंमत असते, कारण बाजारात मिळतात त्या बहुतेक नकला. पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा अस्सल तुकडा सापडतोही, पण त्या भरवशावर हिशेब मांडता येत नाही. नुकत्याच ‘रिस्टोअर’ केलेल्या गाडीचे रंगाआधीचे फोटो आणि इंजिनकामाची बिले मागावीत. ती नसतील तर रंगाखाली गंजही असेल असे धरावे. फिकट पडलेल्या मूळ रंगातली, सगळे भाग जागच्या जागी असलेली गाडी खरे तर जास्त मोलाची, पण बाजारात ती बहुधा स्वस्त मिळते.

आता हिशेब. पुढचे आकडे निव्वळ पद्धत दाखवण्यापुरते. चोख गाडी १,१०,००० ला जाते असे समजा. समोरच्या गाडीला इंजिनकाम १५,०००, क्रोम-रंग १२,००० आणि आरटीओ ८,००० लागणार असेल, तर उरतात ७५,०००. खोलल्यावर निघणाऱ्या गोष्टींसाठी आणखी आठ-दहा हजार बाजूला काढले की बोलणी पासष्टच्या आसपास सुरू होतात. ९०,००० मागणारा खाली येत नसेल तर वाद घालू नये. तेवढ्यात थोडी भर घालून चोख गाडीच शोधावी.

सौदा ठरला तरी टोकन मूळ आरसी पाहिल्यावरच द्यावे, पावती घ्यावी, फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या समोर घ्याव्यात. थर्ड पार्टी विमा चालू नसेल तर गाडी चालवत घरी न आणता टेम्पोत घालून आणावी, आणि उरलेली रक्कम आरसीवर नाव चढल्यावर द्यायची हे आधीच ठरवून घ्यावे.