डोस वाढवण्याची घाई कशाला?

गेल्या महिन्यात एका रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर चहा चालला होता. एरवी सगळ्यांच्या हातात कप देत फिरणाऱ्या एक ताई त्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. काय झाले विचारले तर म्हणाल्या, ‘काही नाही हो, पित्त झालंय.’ महिला मंडळातल्या एकीने नंतर हळूच सांगितले की ताई वजन कमी करण्याचे इंजेक्शन घेतात, आणि डोस वाढवल्यापासून तीन आठवडे त्यांच्या पोटात काही ठरत नाही. घरात फक्त मुलाला ठाऊक. तपासणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर ‘सवय होईल’ एवढेच सांगितले होते. ताईंनी ते प्रमाण मानले.

आम्ही त्यांच्याशी बोललो तेव्हा एक वाक्य त्या दोनदा म्हणाल्या : ‘उलट्या होतायत म्हणजे औषध लागू पडतंय ना?’

हा लेख त्या वाक्यासाठी आहे. कारण असे समजणाऱ्या त्या एकट्या नाहीत. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत आपल्याकडे मार्च २०२६ मध्ये संपली आणि भारतीय कंपन्यांना ते औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, आणि कुपी एकाच आठवड्याची. तेव्हा हा विषय आपल्या वस्तीत कुणी काढत नव्हते. आता निवृत्त शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले, नर्सिंगमधल्या भगिनी, सगळीकडून विचारणा होते. मधुमेह आणि वजन आपल्या घरोघरी आहे, त्यामुळे हे औषध आपल्या आवाक्यात येणे चांगलेच आहे. इंजेक्शनच्या विरोधात आमचे काही म्हणणे नाही. आमचा आक्षेप घाईवर आहे, आणि त्याहून जास्त गप्प बसण्यावर.

आधी हे औषध काय करते ते समजून घेऊ. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक सुटते. ते मेंदूला ‘पुरे’ सांगते, साखर वाढली असेल तर इन्सुलिन सोडायला लावते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. सेमाग्लुटाइड याच संप्रेरकाची नक्कल करते. टिर्झेपटाइड आणखी एका संप्रेरकाचे काम सोबत करते. जठर सावकाश रिकामे होते, म्हणून भूक लागत नाही. मळमळ, आंबट किंवा कुजक्या अंड्यासारखे ढेकर, छातीत जळजळ, पोट फुगणे, काहींना जुलाब तर काहींना बद्धकोष्ठ, हेही बरेचसे त्याच कारणाने.

डोस महिन्यामहिन्याने का वाढवतात, हेही यातच आहे. सेमाग्लुटाइडचा निम्मा अंश आठवड्यानंतरही अंगात शिल्लक असतो. त्यावर पुढचे इंजेक्शन, त्यावर आणखी एक. नव्या डोसची पातळी स्थिर व्हायला चार-पाच आठवडे जातात. म्हणून वजनासाठीच्या इंजेक्शनात पहिला महिना ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५, मग १, मग १.७ आणि शेवटी २.४ अशी चढण ठरवली आहे. टिर्झेपटाइड २.५ पासून सुरू होते, महिन्याने ५, आणि पुढे गरज असेल तर दर वेळी निदान चार आठवडे थांबून २.५ ने वर. पहिल्या आठवड्यात बरे वाटले म्हणून दुसऱ्याच आठवड्यात पुढचे पेन उघडणारे लोक आम्हाला भेटले आहेत. खरा त्रास त्यांना तिसऱ्या आठवड्यात गाठतो, आणि मग ते आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतात.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १,९६१ माणसे होती, मधुमेह नसलेली, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. (मधुमेह असलेल्यांच्या वेगळ्या चाचणीत ते ९.६ टक्के होते. मधुमेही वाचकांनी शेजारणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये.) औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना कधी ना कधी मळमळ झाली. पुढे याच माहितीची छाननी झाली तेव्हा दिसले की पोटाचा त्रास झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे वजन जवळपास सारखेच उतरले होते. वजनातल्या घटीत मळमळ-उलटीचा वाटा एक टक्काही भरला नाही. उलटी ही औषध लागू पडल्याची खूण नाही, ताई.

आणि डोस वाढवलाच पाहिजे असेही कुठे लिहिलेले नाही. वाढीव डोस सोसत नसेल तर पुढची पायरी चार आठवडे लांबवावी, असे सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकातच आहे. खालच्या डोसवर वजन उतरत असेल, साखर आटोक्यात असेल, तर तिथेच थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येते. हे बोलायचे असते, हेच आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. दवाखान्यात आपण अजूनही खुर्चीच्या कडेवर बसतो. ‘साहेबांना काय वाटेल’ म्हणून उलट्यांची संख्या कमी करून सांगतो. सभेत माईकवर तासभर बोलणारी माणसे डॉक्टरांसमोर दोन वाक्ये बोलत नाहीत, हे आम्ही स्वतःकडे पाहूनच लिहीत आहोत.

ताटाचा प्रश्नही आहे. ताई बासष्ट वर्षांच्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात त्या आठ वर्षांच्या होत्या, सुकडीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या. पानात काही टाकायचे नाही ही शिकवण त्यांच्या हाडात आहे. भोजनदानाला कुणी ‘अजून एक घ्या’ म्हटले की नाही म्हणवत नाही. पण या औषधावर असताना पोट भरल्यावरचे चार घास पुढे रात्रभर छळतात. तेव्हा आधीच थोडे वाढून घ्यावे, लहान ताटलीत घ्यावे, लागले तर दोन तासांनी पुन्हा. तर्रीचा रस्सा, भजी, तळलेले मासे, साजूक तुपातले गोड, हे डोस वाढवल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तरी बाजूला ठेवावे. तेल-तूप जठरात आधीच जास्त वेळ राहते. मुगाची पातळ खिचडी, वरण-भात, ज्वारीची मऊ भाकरी, ताक, उकडलेले अंडे सहसा सोसते. जेवून लगेच आडवे होऊ नये. पाणी घोट घोट, दिवसभर. बद्धकोष्ठ असेल तर पाण्यासोबत भाज्या आणि थोडे चालणे. तरी तीन-चार दिवस पोट साफ झाले नाही तर चूर्णांचे प्रयोग न करता डॉक्टरांना विचारावे.

भूकच नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या भगिनींची आम्हाला अधिक काळजी वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा अंगाने आणखी कमी खाल्ले तर चरबीसोबत स्नायूही जातात, हातापायातले बळ जाते. जे चार घास जातात त्यात अंडे, डाळ, मासे, चिकन, दही, भिजवलेले हरभरे आधी, भात-भाकरी नंतर. इंजेक्शन सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेतले तर उत्तम.

डोस वाढवायचा आठवडा निवडता येतो, हे फारच थोड्यांना सुचते. घरात लग्न आहे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे आहे, अशा आठवड्यात डोस वाढवू नये. ऑक्टोबरच्या उन्हात रांगेत उभे असताना उलट्या सुरू झाल्या तर पाणी कमी पडायला वेळ लागत नाही. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनीही हे डॉक्टरांना आधी सांगावे. साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सोबत चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते : घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी. डोस वाढला की त्या गोळीचे प्रमाण कमी करावे लागते का, हे विचारून घ्यावे. प्रकृती नरम असताना पंचशीलावर थांबलो तर त्यात काही कमीपणा नाही.

तरुण भगिनींना कुणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये, निरोध वापरावा. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग घरात कुणाला झाला असेल तर ही इंजेक्शने घेऊच नयेत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल सांगावे, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते.

पैशाची गोष्ट आम्ही टाळणार नाही. मोठा डोस बहुधा महाग असतो. मग पेनचे ‘क्लिक’ मोजून डोस अर्धा करणे, नवरा-बायकोने एकच पेन वापरणे, दोन-तीन आठवडे सोडून एकदम वरच्या डोसवर येणे, असे प्रकार होतात. एक पेन दोघांनी वापरणे सुई बदलली तरी धोक्याचे, त्यातून रक्तातले आजार पसरतात. आणि खंड पडल्यावर पोटाची सवय मोडलेली असते. त्याच वरच्या डोसने पुन्हा सुरुवात केली तर पोट बंड करणारच. काही आठवडे चुकले असतील तर कुठून सुरू करायचे हे डॉक्टरांनाच विचारावे. परवडत नाही हे कारणही त्यांना सांगावे, त्यात लाज कसली? व्यायामशाळेतून किंवा ब्यूटी पार्लरमधून चिठ्ठीशिवाय मिळणारे पेन मात्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ते थंड ठेवले होते की नाही, आत काय आहे, कुणालाच ठाऊक नसते.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे? पोटात वरच्या बाजूला जोराची, पाठीकडे जाणारी कळ आणि सोबत उलट्या असतील तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, डोळे पिवळे दिसणे हे पित्ताशयाच्या खड्यांचे असू शकते. दिवसभर पाणीही ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो. नजर अचानक अंधुक झाली तरीही थांबू नये. यातले काहीही झाले तर पुढचे इंजेक्शन न घेता थेट रुग्णालय गाठावे आणि कोणते इंजेक्शन, किती डोस, शेवटचे कधी, हे सांगावे. म्हणून घरात निदान एका माणसाला हे माहीत हवे. साध्या उलटी-जुलाबाला एक लिटर पाण्यात विरघळवलेली जलसंजीवनी थोडी थोडी घ्यावी.

ताईंसोबत महिला मंडळातली ती भगिनी दवाखान्यात गेली. किती उलट्या, कधी, काय खाल्ले होते, सगळे वहीच्या पानावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी डोस १.७ वरून पुन्हा १ वर आणला, साखरेची गोळी कमी केली, आणि ‘हे आधी का नाही सांगितलं?’ असेही विचारले. ताईंनी सुनेलाही सांगून टाकले. परवाच्या रविवारी ओट्यावर त्यांचा आवाज पहिल्यासारखा लांबून ऐकू येत होता. महिन्यात वजन सातशे ग्रॅमच उतरले. ‘उतरू दे सावकाश’ म्हणाल्या, आणि चहा गाळायला उठल्या.