खाडीला एसटी द्या

आमच्या इस्लापूरकडं पाणी बघायचं तर पावसाळ्यात. सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते तेव्हा नांदेड-यवतमाळची गर्दी लोटते. उन्हाळ्यात तिथंच काळा खडक उघडा पडतो. ही पैनगंगा कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग आहे, हे आमच्याकडं कुणाला सांगितलं तर हसतात. पण २०१६च्या कायद्यानं जाहीर केलेल्या १११ जलमार्गांत पैनगंगा-वर्धा आहे, लातूरकरांची मांजराही आहे. कायदा लागू झाला १२ एप्रिल २०१६ रोजी. त्याच दिवशी पहाटे मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात पोचली होती. असली नावं यादीतून काढून टाकावीत. आमच्या नद्यांना आधी पाणी हवं, बोटीचं नंतर बघू.

जिथं दिवसातून दोनदा भरती येते, तिथं मात्र बोट नाही. त्याच यादीत दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही मित्रांनी तिथं होडी ठरवली आणि चिपळूणच्या दिशेनं वर गेलो. सकाळी लवकर निघायची आमची घाई. तांडेल जागचा हलेना. "सुकतीला वर नेली तर गाळात बसंल, भरती लागू द्या." भरती लागली तसा निघाला. वळणावर होडी बाहेरच्या काठानं घ्यायचा, कारण खोल पाणी तिकडं. शंका आली की बांबू खाली टाकून तळ चाचपायचा. दोन्ही अंगांना कांदळवन. पुढं चिखलावर मगर उन्हाला पडलेली दिसली, तेव्हा पाण्यात हात घालून बसलेल्यांनी मुकाट्यानं हात आत घेतले.

आमच्यातला एक जण एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्यानं सवयीनं विचारलं, "पुढचा थांबा कुठला?" तांडेल हसला. काठाला गावं होती, पायऱ्यांचे जुने धक्के होते, पण थांबा एकही नव्हता.

एकेकाळी होता. मुंबईची आगबोट दाभोळला लागायची, तिथून लहान लाँच उतारूंना चिपळूणजवळच्या गोवळकोटला न्यायच्या. रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या, लाँचही गेल्या. आता खाडीत फिरायचं तर आमच्यासारखी अख्खी होडी ठरवायची. पर्यटकाला ते परवडतं. गावातल्या माणसानं बाजाराला आणि पोरींनी कॉलेजला कसं जायचं?

बोटीला गिऱ्हाईक नाही, असं म्हणणाऱ्यांनी दाभोळच्याच धक्क्यावर उभं राहावं. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३पासून चालू आहे. मोटारी, दुचाक्या, माणसं पलीकडं नेते आणि चिपळूणचा वळसा वाचवते. बोट नेमानं सुटते म्हटल्यावर माणसं येतात. पण ही बोट खाडी आडवी ओलांडते. खाडीच्या लांबीनं जाणारी कुणी चालवत नाही.

केरळात ते काम सरकार करतं. तिथलं राज्य जलवाहतूक खातं १९६८पासून आहे. अलप्पुळाहून कोट्टायमला तिकीट काढून बोटीनं जाता येतं. पर्यटकही त्याच बाकावर बसतो. वैकमला २०१७पासून सौरऊर्जेवरची फेरीबोट धावते, कोचीत २०२३ला वॉटर मेट्रो सुरू झाली.

आपल्या सागरी मंडळानं दाभोळ ते गोवळकोट एवढा एकच मार्ग हाती घ्यावा. गाळ उपसायचा खर्च मोठा म्हणतात. मग वेळापत्रक भरतीवर बांधावं, उथळ बुडाच्या बोटी घ्याव्यात. महिनाभराच्या वेळा धक्क्यावर आधीच लावता येतात, कारण भरती कधी येणार ते पंचांगातल्या तिथीवरूनही कळतं. अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय कुणाला चढू देऊ नये. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, ते इथंही लावावं.

सुरुवातीची काही वर्षं तोटा होईल. होऊ द्या. गावोगावच्या रस्त्यांवर आपण दरवर्षी डांबर ओततो, तेव्हा रस्ता नफ्यात आहे का, असं कुणी विचारत नाही.