कोळशाचा उपकर आणि शेवगावचे पाचट

शेवगाव तालुक्यात मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आणि नाथसागराच्या फुगवट्याच्या कडेने उभा राहणारा ऊस कारखान्याला गेला, की फडात उरते ते पाचट. वाढे तोडकऱ्यांच्या बैलांपुढे पडते, थोडे पाचट कोपीवर चढते आणि उरलेल्याला शेतकरी काडी लावतो. कोरडवाहू पट्ट्यात हीच गत कपाशीच्या पऱ्हाट्यांची. बायाबापड्या चुलीपुरत्या मोळ्या नेतात. बाकीच्या बांधावर पेटतात. त्याच रात्री गावात जो दिवा लागतो तो बहुतांशी कोळशाच्या विजेवर लागतो. उष्णता देणारे जळण शेतात वाया जाते आणि शेकडो मैलांवरून आणलेला कोळसा भट्टीत जळतो.

ही विसंगती दूर करणे हे संशोधनाचे काम आहे. संशोधनास पैसा लागतो, आणि तो या देशाच्या जनतेने आधीच दिलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

2010-11 च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीची घोषणा केली. स्वच्छ ऊर्जेच्या तंत्रज्ञानातील संशोधन आणि नव्या प्रकल्पांना पैसा पुरविणे हा त्याचा जाहीर हेतू होता. त्यासाठी कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसला. पुढे 2014 मध्ये तो 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. कोळशाच्या विजेचे एक युनिट तयार होण्यास साधारणपणे 700 ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे 400 रुपये टनाच्या हिशेबाने दर युनिटामागे पाव रुपयाहून अधिक रक्कम या उपकराची होती. खाणीवर बसलेला कर वीजकेंद्राने वीज मंडळाच्या वारसदार कंपनीवर ढकलला आणि कंपनीने तो ग्राहकावर ढकलला. बोधेगावच्या पिठाच्या गिरणीवाल्याने आणि शेवगावच्या पेठेतील शिंप्याने तो भरला आहे.

2010-11 ते 2017-18 या काळात या मार्गाने सुमारे 86 हजार 440 कोटी रुपये गोळा झाले. प्रत्यक्ष निधीत त्यांपैकी सुमारे 29 हजार 645 कोटीच वर्ग झाले आणि प्रकल्पांवर खर्च झाले ते सुमारे 15 हजार 911 कोटी. शंभरातले अठरा रुपये! हे आकडे विरोधी पक्षाच्या सभेतले नसून सरकारनेच दिलेले आहेत. आणि जे खर्च झाले तेही सगळे संशोधनावर झाले असे नव्हे. खात्यांच्या नेहमीच्या योजनांना त्यातून हातभार लावण्यात आला.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर औपचारिकपणे रद्द झाला. तेवढ्याच 400 रुपयांचा नवा उपकर राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई म्हणून त्याच कोळशावर बसला. राज्यांना ती भरपाई हवी होती आणि ती त्यांचा हक्कही होती. महाराष्ट्रालाही ती मिळाली. परंतु कोळशाच्या धुराचा दंड म्हणून घेतलेला पैसा करव्यवस्थेचे भोक बुजविण्यास वापरला गेला, आणि त्याचा मूळ हेतू कोणी विचारीनासा झाला. सप्टेंबर 2025 मध्ये हा भरपाई उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. आज कोळशावर कर आहे, पण स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाशी त्याचे नाते उरलेले नाही.

या पार्श्वभूमीवर 2026-27 च्या अर्थसंकल्पातील घोषणेकडे पाहिले पाहिजे. कर्बवायू पकडणे, वापरणे आणि साठविणे यासाठी पाच वर्षांत 20 हजार कोटी रुपयांची तरतूद होणार असून वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने ही पाच क्षेत्रे निवडली आहेत. या संशोधनाला विरोध करणे शहाणपणाचे नाही. चुनखडी भाजली की तिच्यातून कर्बवायू सुटणारच; भट्टी सूर्यशक्तीवर चालवली तरी सिमेंटचा हा भाग टळत नाही. पोलादाचेही बरेचसे तसेच. तेव्हा तो वायू धुराड्यातच पकडण्याची विद्या देशापाशी असली पाहिजे, आणि ती सार्वजनिक प्रयोगशाळांतून वाढली पाहिजे. मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात 2022 पासून राष्ट्रीय केंद्रे चालू आहेत, हे स्वागतार्ह आहे.

शंका येते ती वीज क्षेत्रापाशी. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात केंपर येथे सरकारी अनुदान घेऊन कोळशाचे ‘स्वच्छ’ वीजकेंद्र उभे राहू लागले. खर्च साडेसात अब्ज डॉलरपर्यंत चढला, आणि 2017 मध्ये कंपनीने कोळसा सोडून ते नैसर्गिक वायूवर चालविण्याचे ठरवले. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्पाने वायू पकडला खरा, पण तो तेलविहिरीत सोडून अधिक तेल उपसण्यासाठी! तेलाचे भाव कोसळताच 2020 मध्ये तो बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला 2023 उजाडले. नॉर्वेने वेगळी वाट धरली. त्या देशाने 1991 मध्ये समुद्रातील तेल-वायू उद्योगावर कर्बकर बसवला. 1996 पासून स्टॅटऑइल ही त्या वेळी पूर्णपणे सरकारी मालकीची असलेली कंपनी स्लाइप्नर क्षेत्रात वर्षाला सुमारे 10 लाख टनांपर्यंत वायू समुद्रतळाखाली गाडू लागली. आधी कर, मग शिस्त, आणि मालकी जनतेची. आपल्याकडे कर जनतेने भरला, तो नाहीसा झाला, आणि आता नव्याने पैसा निघतो आहे तो कोणाच्या अटीवर, हे अजून स्पष्ट नाही.

संशोधनाच्या पैशाचा एकूण कल मात्र स्पष्ट आहे. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50 हजार कोटींचा आकडा जाहीर झाला. त्यांपैकी सुमारे 36 हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि दानशूरांकडून यावयाचे. जुलै 2025 मध्ये 1 लाख कोटींचा संशोधन निधी मंजूर झाला. तो मुख्यतः खाजगी क्षेत्राला दीर्घ मुदतीने आणि अल्प किंवा शून्य व्याजाने मिळावयाचा आहे. ऊर्जा हा त्याच्या विषयांपैकी एक. शेवगावच्या कापूस उत्पादकाला पीककर्जासाठी बँकेच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे येथे वेगळे सांगायला नको. सार्वजनिक पैशातून निघालेल्या शोधाचे एकस्व कोणाच्या नावे राहील? कंपनीने तो शोध वापरून नफा कमावला तर जनतेचा वाटा काय? कर्ज बुडाले तर कोणाचे? राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 0.64 टक्के संशोधनावर खर्च करणाऱ्या देशात हे प्रश्न क्षुल्लक नाहीत.

शेवगावच्या जमिनीखाली काय आहे, तेही पाहण्यासारखे आहे. साऱ्या दख्खनप्रमाणे येथेही काळा कातळ आहे. आइसलँडमध्ये अशाच ज्वालामुखी खडकात 2012 मध्ये पाण्यात विरघळवलेला कर्बवायू सोडण्यात आला आणि दोन वर्षांच्या आत त्यातील बहुतांश वायूचा दगड झाला. 2016 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हापासून दख्खनच्या कातळाकडे आशेने पाहिले जाते. पण या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागते. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजल्या जातात आणि जायकवाडीच्या पाण्यासाठी वरचा जिल्हा व खालचा जिल्हा न्यायालयात उभे राहतात, तेथे हे पाणी कोणाच्या वाट्यातून काढणार? आइसलँडच्या शास्त्रज्ञाला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. तो येथल्याच संशोधकाने येथल्याच पैशाने सोडवावा लागेल. आपले संशोधन आपणच का करावे, याला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आता पुन्हा पाचटाकडे. यावर काम झालेले नाही, असे नव्हे. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या आरतीने, पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याची पद्धत शोधली. तिला 2002 मध्ये ॲशडेन पारितोषिक मिळाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचट आणि बगॅसपासून जळाऊ वायू करण्याची यंत्रणा उभी करून पाहिली. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम चालू आहे. ती संस्था तर 1924 सालची. शोध लागले, अहवाल लिहिले गेले, मानचिन्हे मिळाली. प्रयोगशाळेतील यंत्र आणि शेतकऱ्याच्या बांधावरचे यंत्र यांच्यामध्ये जो मोठा, खर्चिक आणि कंटाळवाणा टप्पा असतो, त्यासाठी मात्र पैसा उभा राहिला नाही. तालुक्यात पाच-दहा ठिकाणी यंत्रे चालवून पाहणे, मोडली तर दुरुस्त करणे, गोळा करण्याची मजुरी काढणे, ही कामे नफ्याच्या हिशेबात बसत नाहीत. 86 हजार कोटींतला नगण्य हिस्सा या कामाला पुरला असता.

येथे एक सावधगिरी हवी. पाचट जळाल्याने सुटणारा कर्ब हा वनस्पतीने वर्षभरापूर्वी हवेतून घेतलेला असतो. खाणीतल्या कोळशाचा हिशेब वेगळा. पाचटाने कोळशाची जागा घेतली तरच खरी बचत. शिवाय पाचट खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवावे असे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ सांगत आले आहे, आणि या जमिनींना सेंद्रिय कर्बाची भूक आहे. तेव्हा शेतात किती ठेवावे आणि भट्टीत किती न्यावे, हे मातीगणिक ठरवावे लागेल. पऱ्हाट्यांचेही तसेच: औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात जैविक इंधन मिसळावे असे धोरण केंद्राने 2021 मध्ये केले, पण ठेकेदाराने सगळ्या पऱ्हाट्या उचलल्या तर भूमिहीन बाईच्या चुलीचे काय, हे त्या धोरणाने विचारलेले दिसत नाही.

साखर कारखान्यांचा मुद्दा तर हाताशी असलेला आहे. मळीतून किंवा उसाच्या रसातून एक लिटर इथेनॉल बनताना सुमारे पाऊण किलो कर्बवायू सुटतो. दिवसाला 1 लाख लिटरच्या आसवनीत 75 टन. सिमेंटच्या धुरासारखा तो भेसळीचा नसतो, जवळजवळ शुद्ध असतो, आणि म्हणून पकडायला सर्वांत स्वस्त. 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठले, त्यासाठी कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभारल्या, आणि अर्थसंकल्पाच्या पाच क्षेत्रांत मात्र साखर धंद्याचे नाव नाही. सहकाराचा उद्योग दिल्लीच्या नकाशावर निवडणुकीपुरताच उगवतो, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

तेव्हा मागणी नेमकी हवी. कोळशावरील कराचा ठरावीक हिस्सा कायद्याने संशोधनासाठी राखून ठेवला जावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी संसदेपुढे यावा. 20 हजार कोटींतून खाजगी उद्योगाला जे मिळेल त्याच्या मोबदल्यात एकस्वात सरकारची भागीदारी असावी. आसवन्यांतील वायू, पाचट आणि पऱ्हाट्या यांवरील क्षेत्रीय प्रयोगांसाठी राहुरीच्या विद्यापीठाला स्वतंत्र अनुदान मिळावे व तेथील रिक्त पदे भरली जावीत. ऊस उत्पादक संशोधनाला पैसा देत नाही असेही कोणी म्हणू नये: कारखाने गाळपाच्या टनामागे एक रुपया मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेला देतात, आणि तो उसाच्याच पैशातून जातो. कारखान्याच्या वार्षिक सभेत आपल्या आसवनीतून दिवसाला किती वायू हवेत जातो हा प्रश्न सभासदांनी लेखी विचारावा, आणि तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हंगाम संपण्यापूर्वी गावोगाव किती एकरांतले पाचट पेटवले गेले याची नोंद करून ती जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि खासदारांकडे द्यावी.