एक गोटी, एक गाडी



गोल रुळावर गरगर फिरणारी खेळण्यातली आगगाडी तुम्ही पाहिली असेलच. पहिल्या दिवशी सगळं घर तिच्याभोवती जमतं आणि तिसऱ्या दिवशी ती खोक्यात जाऊन बसते. असं का होतं बरं? कारण ती गाडी कुठंच जात नाही! तिला कुणासाठी थांबावं लागत नाही, तिच्यासाठी कुणी थांबत नाही. रेल्वे म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. स्टेशनं, सांधे, वेळापत्रक आणि सगळ्यांनी पाळायचे नियम मिळून रेल्वे होते. अशी रेल्वे घरात कशी मांडायची, ते आज पाहू.

हा छंद मोठी माणसंही मनापासून जोपासतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. पुण्याला गेलात तर जरूर पाहा.

आधी हिशोब

छोट्या रेल्वेचं एक लोकप्रिय माप आहे ‘एचओ’. यात प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या ८७व्या भागाएवढी करतात. म्हणजे २१ मीटर लांबीचा डबा होतो साधारण २४ सेंटिमीटरचा. वा, मावला की घरात! पण पुणे ते लोणावळा हे सुमारे ६४ किलोमीटरचं अंतर याच मापात मांडायचं ठरवलं, तर ७३५ मीटर रूळ लागतील. आता एवढी लांब खोली कुठून आणणार? म्हणून मांडणारा माणूस निवड करतो. दोन स्टेशनं, एक बोगदा, एक पूल ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो.

चढाचंही तसंच. खंडाळ्याच्या घाटात रूळ ३७ मीटर पुढे गेला की १ मीटर वर चढतो. म्हणून तर कर्जतला पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. तुमचा एक रूळ दुसऱ्या रुळावरून पुलानं न्यायचा, तर तो ८ सेंटिमीटर तरी उचलावा लागेल. ३७ गुणिले ८ किती? २९६! म्हणजे जवळजवळ ३ मीटर नुसता चढ, आणि तेवढाच उतार. घाईनं चढ उभा केलात, तर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत राहतील.

लाल-निळ्या पेन्सिलीची गंमत

या मापाच्या बहुतेक गाड्या १२ व्होल्टच्या विजेवर चालतात. वीज एका रुळातून येते, इंजिनाच्या मोटारीतून जाते आणि दुसऱ्या रुळातून परतते. दोन्ही रुळांच्या तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते.

आता कागद घ्या. एक रूळ लाल पेन्सिलीनं काढा, शेजारचा निळ्या. लंबगोल काढलात तर लाल लालला मिळेल आणि निळा निळ्याला. पण रूळ थोडा सरळ नेऊन, मोठा वळसा घालून, आलेल्या वाटेलाच परत जोडा बघू. काय झालं? लाल निळ्याला भिडला! खऱ्या रुळांत इथं शॉर्टसर्किट होईल. उपाय असा, की वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत बारीक फट ठेवायची आणि त्या तुकड्याला वेगळं बटण द्यायचं. म्हणून मांडणी आधी कागदावर करावी. खोडरबर रुळांपेक्षा स्वस्त पडतं!

आता खरा खेळ

एकच रूळ आणि दोन्ही बाजूंनी गाड्या. टक्कर कशी टाळायची? आपल्याकडे एकेरी मार्गावर पूर्वी सर्रास एक युक्ती वापरत. दोन्ही स्टेशनांवर गोळ्यांची यंत्रं असत आणि ती तारेनं जोडलेली असत. दोन्ही स्टेशनमास्तरांनी संमती दिली की एका यंत्रातून एक गोळा निघे. तो ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी हलत नसे. आणि तो गोळा पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दोन्हीपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नसे. म्हणजे मधल्या रुळावर कितीही झालं तरी एकच गाडी!

हा खेळ खेळायला विकतची गाडी लागत नाही. खडूनं फरशीवर ३ मीटरचा एकेरी रूळ काढा. एका टोकाला ‘ओसरी’ स्टेशन, दुसऱ्या टोकाला ‘स्वयंपाकघर’. प्रत्येक स्टेशनात दोन दोन रूळ काढा, म्हणजे एक गाडी थांबेल आणि दुसरी आत येईल. काड्यापेट्यांच्या दोन गाड्या करा. दोन स्टेशनमास्तर, दोन ड्रायव्हर, आणि सगळ्यांत मिळून एकच गोटी. गोटी हातात असेल तोच निघणार. गाडी हळू चालवा. १ मीटरला ५ सेकंद लावलेत, तर या मापात तो खरा ताशी ६० किलोमीटरचा वेग होतो!

आमच्या चौथीच्या वर्गात हा खेळ रंगला होता. मधेच एक ड्रायव्हर गोटी खिशात घालून पाणी प्यायला गेला. झालं! अख्खी लाइन बंद. समोरचा ड्रायव्हर म्हणाला, “बाई, रूळ रिकामा आहे, जाऊ का?” त्याची स्टेशनमास्तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, “रिकामा दिसतोय. पण गोटी कुठाय?” दोन मिनिटं सगळे थांबले, कुरकुरले, पण गाडी काही हलली नाही. रेल्वे चालवणं म्हणजे काय, ते त्या मुलीला बरोबर कळलं होतं. रूळ मोकळा ‘दिसणं’ वेगळं आणि तो मोकळा आहे याची ‘खात्री’ असणं वेगळं. खऱ्या गाडीत शेकडो माणसं बसलेली असतात. ती त्या खात्रीच्या भरवशावरच तर झोपतात!

आईबाबांसाठी दोन ओळी

विजेची गाडी घेतलीत, तर तिचा ट्रान्सफॉर्मर तयार, चांगल्या बनावटीचाच घ्या. भिंतीच्या प्लगचं काम मोठ्यांनीच करावं. आणि एक विनंती. रविवारी कधीतरी तुम्हीही ड्रायव्हर व्हा, स्टेशनमास्तर मात्र मुलांना होऊ द्या. गोटी मिळेपर्यंत तुम्हालाही थांबावं लागेल बरं का!

या आठवड्याचं कोडं: ओसरीला दोन गाड्या उभ्या आहेत, स्वयंपाकघरात एकही नाही. गोटी ओसरीला आहे. दोन्ही गाड्या स्वयंपाकघरात न्यायच्या आहेत. पहिली पोचली, पण गोटीही तिच्याबरोबर गेली! आता गोटी रुळाच्या बाजूनं धावत परत आणायची, की दुसरा काही नियम करायचा? नियम करा, खेळून पाहा, आणि टक्कर होत नाही ना, ते तपासा.

तुमची,
बाई